विषय: कॅनरी - बेट शुक्रवारपर्यंत ठरवा

ताई (पार्ले), सोमवार रात्री

मंडळी, स्पेनच्या कॅनरी बेटांच्या सहलीसाठी शुक्रवारी सकाळी मी एजंटकडे बसणार आहे. व्हिसाच्या फायलीत राहण्याचं बुकिंग लावावं लागतं आणि ते कुठल्या बेटाचं लावू हेच अजून ठरत नाहीये. नुसतं "कॅनरी" सांगून हॉटेल मिळत नाही. वस्तीची बेटं आठ आहेत. (हो अण्णा, ला ग्रासिओसाही धरलंय, 2018 पासून आठवं.) आपण इकडून अकरा, लंडनहून नऊ, आठ रात्री. तिघांचे गुडघे, एकाची बायपास, दोन नातवंडं. एकच नाव कळवा. "सगळीच छान आहेत" लिहिणाऱ्याला सगळ्यांच्या फायली झेरॉक्स करायला बसवीन.

शेंगेनसाठी (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा) ज्यांचे बोटांचे ठसे आधी घेतलेत त्यांनी जुन्या व्हिसाची प्रत पाठवा. 59 महिने झाले नसतील तर बहुतेक वेळा पुन्हा द्यावे लागत नाहीत.

---

बंडू (हॅरो), मंगळवार

लान्झारोटे. दोनदा जाऊन आलोय म्हणून सांगतो. तिमानफाया म्हणजे तिथलं ज्वालामुखीचं उद्यान, त्याच्या आत चालायचंच नसतं, उद्यानाची बस फिरवून आणते, गुडघ्यांचा प्रश्न तिथेच मिटला. 1730 ते 1736, सहा वर्षं लाव्हा ओकत होता तो डोंगर. अजूनही खाली इतकी धग आहे की खड्ड्यात वाळकं झुडूप टाकलं की भडकन पेटतं. जमिनीत रोवलेल्या नळीत पाणी ओतलं की वाफेचा फवारा उडतो. नातवंडं तिथून हलणार नाहीत. आणि ला हेरियाचे द्राक्षमळे! काळ्या राखेत खड्डा, खड्ड्यात वेल आणि वारा अडवायला दगडांचा अर्धा गोल बांध. अशी शेती मी दुसरीकडे पाहिली नाही. आम्हाला इथून थेट विमान, चार तास.

---

कुंदामावशी (मुलुंड), मंगळवार

बंड्या, त्याच धगीवर जाळी ठेवून कोंबड्या भाजतात ते बरं नाही लिहिलंस. आमच्यातल्या सहा जणांनी काय वाफ खायची? ताई, बेट कुठलंही घे, पण स्वयंपाकघर असलेली जागा घे. सँटोरिनीला मी चार दिवस टोमॅटो आणि पाव खाऊन काढलेत. बाकीचे विसरले असतील, मी नाही. कुकर मी आणते. घरचं तूप आणते. आणि मे महिना आहे, लंडनच्या पोरांसाठी दोन डझन हापूस.

---

खजिनदार (ठाणे), मंगळवार

> घरचं तूप आणते

मावशी, भारतातून युरोपात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ पिशवीतूनही नेता येत नाहीत. तूप त्यातच आलं. आंब्याला आपल्या कृषी खात्याचं रोग-कीड नसल्याचं प्रमाणपत्र लागतं. प्रमाणपत्राशिवाय चालणारी फळं पाचच: केळं, नारळ, अननस, खजूर आणि ड्युरियन. माल जप्त झाला, दंड झाला, तर तो मंडळाच्या खात्यातून भरला जाणार नाही. सहलीचा हिशोबही मंडळाच्या खात्यात नको, हे सर्वसाधारण सभेत ठरलेलं आहे. इतिवृत्त बघावं.

---

कुंदामावशी (मुलुंड), मंगळवार

केळं चालतं म्हणे! त्या बेटांवर केळीच्याच बागा आहेत, तिथे मी मुलुंडहून केळी वाहून नेऊ? आणि इतिवृत्त कोणी लिहिलं होतं तेही बघावं.

---

नाना (दादर), बुधवार पहाटे

टेनेरिफे. मला तेइदे बघायचा आहे. 3715 मीटर, स्पेनमधलं सर्वांत उंच शिखर. आपली कळसूबाई 1646, म्हणजे दोन कळसूबाया एकावर एक ठेवल्या तरी पुरत नाहीत. रोपवे 3555 मीटरपर्यंत नेतो, आठेक मिनिटांत. पायांना काम नाही. बायपासला सात वर्षं झाली, त्याचं तुणतुणं आता पुरे.

---

नाना (दादर), बुधवार सकाळ

नानांच्या मेलवरून मी लिहितेय. रोपवे 2356 मीटरवर सुरू होतो आणि आठ मिनिटांत हे बाराशे मीटर वर जाणार! हृदयविकार असलेल्यांनी येऊ नये असं रोपवेवालेच सांगतात. परवा दादरच्या पुलावर दोनदा थांबले, ते लिहिलं का? खालच्या स्टेशनापर्यंत रस्ता आहे, तिथवर मोटारीने जावं, खुर्ची टाकून बसावं, शिखर समोरच दिसतं. टेनेरिफेला माझा विरोध नाही. रोपवेला आहे.

---

अण्णा (गिरगाव), बुधवार

काळा दगडच बघायचा तर अंधेरी पश्चिमेला गिल्बर्ट हिल आहे. दोनशे फूट उंच, खांबाखांबांचा बेसॉल्ट, वय सुमारे साडेसहा कोटी वर्षं. स्टेशनवरून रिक्षा. व्हिसा नाही, बोटांचे ठसे नाहीत.

---

बंडू (हॅरो), बुधवार

अण्णा, तो थंड झालाय.

---

राजू (डोंबिवली), बुधवार

उशिरा वाचतोय, सॉरी. ला पाल्माचं नाव कोणीच कसं घेत नाही? रोके दे लोस मुचाचोस या 2426 मीटरच्या शिखराजवळ 10.4 मीटर आरशाची दुर्बीण आहे. आकाश काळं राहावं म्हणून 1988 पासून कायदा आहे, रस्त्यावरचे दिवेसुद्धा त्या हिशोबाने लावलेले. डोंबिवलीत मी शेवटचा तारा कधी पाहिला ते आठवत नाही. 2021 चा ताजा लाव्हाही तिथेच, 85 दिवस चालला होता.

---

कुंदामावशी (मुलुंड), बुधवार

त्या 85 दिवसांत लोकांची घरं गाडली गेली रे. बातम्यांत पाहिलं होतं, पाळण्यातलं मूल उचलावं तशी माणसं देव्हाऱ्यातल्या वस्तू उचलून नेत होती. तिथे उभं राहून आपण ग्रुप फोटो काढायचा? माझं मन होत नाही.

---

राजू (डोंबिवली), बुधवार

मावशी, पर्यटक गेले तरच त्यांचं पोट चालणार ना. पण वळणाचे घाट आहेत, दुर्बिणीपर्यंत नातवंडं ओकतील हे खरं. मागे घेतो.

---

अण्णा (गिरगाव), गुरुवार

काल थट्टेत लिहिलं. आता खरं सांगतो. मला ला गोमेरा बघायचंय. तिथले लोक शिट्टीने बोलतात, सिल्बो म्हणतात त्याला. नुसत्या खुणेच्या शिट्ट्या नव्हेत, स्पॅनिशमधली वाक्यं शिट्टीत. दऱ्या इतक्या खोल की पलीकडच्या माणसाकडे चालत जायला अर्धा दिवस, म्हणून आवाज पाठवायचा. 2009 मध्ये युनेस्कोच्या यादीत आलं, शाळेत मुलांना शिकवतात.

आमच्या चाळीत तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून वडील दोन आखूड, एक लांब अशी शिट्टी घालायचे. खाली तीस पोरं क्रिकेट खेळत असली तरी आमची आम्हाला कळायची. शेजारच्या बिऱ्हाडाची उलटी होती, आधी लांब. एकदा शेजारचा मुलगा आमच्या शिट्टीवर वर आला, कारण आमच्याकडे त्या दिवशी साबुदाण्याची खिचडी होती. चाळ पाडून टॉवर झाला, आता नातवाला बाराव्या मजल्यावरून मिस्ड कॉल देतो. तर मला एक दिवस ती शिट्टी ऐकवा, बाकी कुठेही झोपवा.

---

खजिनदार (ठाणे), गुरुवार

साबुदाण्याचा उल्लेख आला म्हणून: साबुदाणा नेता येईल असं दिसतं. खिचडीवरचं तूप नाही.

---

ताई (पार्ले), गुरुवार रात्री

पुरे. मी ठरवलं. टेनेरिफे, मुक्काम लोस क्रिस्तियानोस, आठही रात्री एकाच ठिकाणी. वीस माणसांचं सामान तीन बेटांवर हलवायला मी काही हमाल नाही.

कारण ऐका, मग भांडा. उत्तरेला वारे ढग आणून अडकवतात, तिकडे हिरवं पण ढगाळ. दक्षिण कोरडी, उन्हाची. आपल्याला रोज सकाळी "आज दिसेल का हो" करत बसायचं नाही. लोस क्रिस्तियानोसच्या धक्क्यावरूनच गोमेराची बोट सुटते, तासाभरात पोचते. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रोने जातो साधारण तेवढाच वेळ. सकाळी जाऊन संध्याकाळी परत, अण्णांची शिट्टी झाली. तेइदेला सगळे खालच्या स्टेशनापर्यंत, वर कोण जाणार ते नानांच्या घरी ठरेल. (अगदी टोकावर जायला आधी वेगळी परवानगी लागते, ती मी कोणासाठीही काढणार नाही.) बंडू, तुझ्या लान्झारोटेवर माझाही जीव आहे, पण तुम्ही चार तासांत याल आणि आम्ही विमान बदलत. तुमच्यासाठीही टेनेरिफेला थेट विमानं आहेतच.

स्वयंपाकघराची जागा बघितली आहे. मावशी, तिथे लहान बटाटे सालासकट खूप मिठाच्या पाण्यात उकडून सुरकुतवतात आणि लाल मोहोबरोबर देतात, लसूण-मिरची-जिऱ्याची ओली चटणीच ती. शिवाय गोफियो म्हणजे भाजलेल्या धान्याचं पीठ, आपल्या सातूच्या पिठाचं भावंड. उपाशी राहणार नाही.

एकच काळजी. टेनेरिफेला विमानतळ दोन आहेत. आपला दक्षिणेचा. तिकीट स्वतः काढणाऱ्यांनी नीट बघून काढा.

---

कुंदामावशी (मुलुंड), गुरुवार रात्री

लसूण असेल तर चालेल. कुकर तरीही आणते.

---

बंडू (हॅरो), गुरुवार रात्री

लान्झारोटे पुढच्या वर्षी. लिहून ठेवा इतिवृत्तात.

---

नाना (दादर), शुक्रवार पहाटे

ताई, तुझी मेल यायच्या आधीच चिरंजीवांनी उत्साहाने दोन तिकिटं काढली, माद्रिदमार्गे. पैसे परत न मिळणारी. वर "टेनेरिफे नॉर्थ" छापलंय. तिथून लोस क्रिस्तियानोसला रिक्षा मिळते का?