1971 ची रिस्टोअर केलेली एमजीबी रोडस्टर घ्यावी का? बजेट 12 हजार पाउंड

रेडिंगकर
नमस्कार मंडळी, बरेच दिवस मनात घोळतंय ते आता विचारतोच. ऑक्सफर्डजवळच्या एका गावात एमजीबी रोडस्टर (जुनी ब्रिटिश, दोन सीटची उघड्या टपाची गाडी) विकायला आहे, 1971 ची, क्रोम बंपरवाली, लाल. मालक सत्तरीचे, त्यांनी स्वतः आठ वर्षं खपून घरच्या गॅरेजात पूर्ण उघडून परत बांधलीये, आता गुडघे साथ देत नाहीत म्हणून काढतायत. मागतायत 13,950 पाउंड. माझं बजेट 12 हजार आणि त्यातच इन्शुरन्स नि वरची किडुकमिडुक बसवायचीये. ओव्हरड्राइव्ह, म्हणजे हायवेला इंजिन सावकाश फिरवणारा जादा गिअर, नाहीये. गेडनच्या मोटर म्युझियमचं, कारखान्याच्या नोंदींवरून दिलेलं सर्टिफिकेट आहे, त्यावर मूळ रंग पिवळा लिहिलाय. मला फक्त शनिवार-रविवार चालवायची आहे, गॅरेज आहे, हाताने थोडंफार जमतं पण वेल्डिंग येत नाही. बघायला जाताना नेमकं काय बघू?

लीड्सचा_भाऊ
माझ्याकडे 1969 ची आहे, अकरा वर्षं झाली. इंजिन नंतर बघा, आधी सिल बघा. या गाडीला वेगळी चासी नाही आणि वर छप्पर पण नाही, सगळा जोर दाराखालच्या सिलवर. आणि सिल म्हणजे नुसता बाहेरचा पत्रा नव्हे, आत अजून पत्रे आहेत, सगळ्यात खाली कॅसल सेक्शन. कुजलेल्यावरच बाहेरून नवा पत्रा चढवून रंग मारलेल्या गाड्या खूप फिरतात, मला तशीच मिळाली होती, साडेचार हजार पाउंड गेले ते कापून परत करण्यात.
जॅक लावून एक बाजू उचला आणि दार उघडून परत लावा. अडकलं किंवा दाराच्या वरच्या कोपऱ्यातली फट बदलली की समजायचं गाडी मधून वाकतेय, तिथून निघायचं. चुंबक फडक्यात गुंडाळून न्या, सिलवर आणि मागच्या चाकाच्या कमानीवर फिरवा, धरत नाही तिथे पुट्टी. दाराच्या पुढच्या कडेखाली विंग आणि सिल मिळतात तिथे उभी सांध दिसली पाहिजे. ती बुजवून गुळगुळीत केली असेल तर का केली ते विचारा.

शनिवारची_गाडी
एमजीबी सगळेच घेतात हो. पाच लाखांच्या वर बनल्या, बंद छपराची जीटी धरून. घ्यायचीच तर ऑस्टिन-हीली 3000 घ्या, ती पण एमजीच्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यातच बनायची, 2912 सीसी, सहा सिलिंडर, आवाज ऐकलात तर बाकी काही घ्यावंसं वाटणार नाही. मी माझी 2009 ला घेतली आणि एक दिवस पश्चात्ताप झाला नाही.

रेडिंगकर
दादा, हीली माझ्या बजेटच्या तिप्पट-चौपट जाते.

शनिवारची_गाडी
थोडं थांबा, पैसे साठवा, पण घ्या हीलीच.

पावसाळी_चाक
मी सरळ सांगतो, माझदा एमएक्स-5 घ्या, पहिल्या मॉडेलची. 1989 साली आली तीच मुळी या ब्रिटिश रोडस्टरांकडे बघून केलेली, फक्त ती चालू होते. टप एका हाताने मागे जातो, पाणी आत येत नाही. 12 हजारात उत्तम मिळेल आणि वर सुट्टीचे पैसे उरतील. मी आधी तीन वर्षं एक जुनी ब्रिटिश गाडी सांभाळली, पावसात दोनदा बायको-मुलासकट हायवेच्या कडेला उभा राहिलोय, ते परत नको.

क्रोमप्रेमी
विचारलंय काय नि सांगताय काय. गंज माझदालाही लागतो, तोही सिललाच.
अमेरिकेच्या नियमांपायी 1974 च्या शेवटी त्या रबराच्या बंपरवाल्या आल्या आणि गाडी दीड इंच वर उचलली, वळणावर झुलायला लागली. तुमची 71 ची आहे म्हणजे सगळ्यात चांगला काळ. पाच बेअरिंगचं इंजिन, चारही गिअरला सिंक्रो (गिअर विनाखरखर पडतात), अर्थिंग आजच्या गाड्यांसारखं निगेटिव्ह, अल्टरनेटर. पण ओव्हरड्राइव्ह नाही म्हणजे नको. चौथ्यात 70 मैलाला इंजिन 3,900 च्या आसपास फिरतं, ओव्हरड्राइव्ह असेल तर 3,200. एम4 हायवेवर अर्धा तास चालवून बघा, कान सुन्न होतात.

एकमत_नाही
रबर बंपरवाली माझ्याकडे आहे, 1978 ची, आणि ती झुलत नाही कारण मी खाली बसवून घेतलीये, खर्च फार नाही आला. सहा हजारात घेतली. ओव्हरड्राइव्ह त्यात आहेच. लोक बंपर बघून नाक मुरडतात पण स्टिअरिंगवर बसल्यावर बंपर कोणाला दिसतो?

क्रोमप्रेमी
मला दिसतो. गॅरेजचं दार उघडलं की आधी तोच दिसतो.

पुणे_ते_पनवेल
एमजी म्हणजे ती हेक्टरवालीच ना? आमच्या सोसायटीत तीन आहेत, सर्व्हिस चांगली आहे.

लीड्सचा_भाऊ
नाव तेच, गाडी वेगळी. एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस, ऑक्सफर्डचं. अ‍ॅबिंग्डनचा कारखाना 1980 लाच बंद झाला, एमजीबी तिथलीच शेवटची. आताचं नाव चीनच्या एसएआयसी कंपनीकडे आहे.

सोलापूर_साउथॅम्प्टन
इन्शुरन्सचं कोणी बोललंच नाही म्हणून लिहिते. अ‍ॅग्रीड व्हॅल्यूची पॉलिसी घ्या, फोटो पाठवून किंमत आधीच ठरवून घ्या. आमची गाडी मागून ठोकली तेव्हा साधी पॉलिसी होती, कंपनीने बाजारभाव म्हणून जे हातावर ठेवलं त्यात नुसता रंगही झाला नसता, नवरा अजून तो विषय काढला की गप्प होतो. बाकी 40 वर्षांवरची म्हणून रोड टॅक्स शून्य, पण दरवर्षी अर्ज करावा लागतो. एमओटी, म्हणजे दरवर्षीची तपासणी, माफ आहे, तरी करून घ्या, त्या पैशात कोणीतरी दुसरा माणूस खालून गाडी बघतो. लंडनचा युलेझ, म्हणजे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांचा कर, पण लागत नाही.
आणि पेट्रोल. 2021 च्या सप्टेंबरपासून साधं पेट्रोल ई10 (10 टक्क्यांपर्यंत इथेनॉल) झालंय, त्यातल्या इथेनॉलने जुने रबरी पाइप फुगतात नि चिरतात. सुपर (कमी इथेनॉलवालं महाग पेट्रोल) टाका आणि पाइप बदललेत का ते विचारा.

पावसाळी_चाक
हेच म्हणतोय मी, माझदा घ्या.

एकमत_नाही
सिल बघा, सिल. जॅक लावून दार उघडा.

लीड्सचा_भाऊ
ते मी वर लिहिलंय.

कोल्हापुरी_गॅरेज
तिकडचं मला माहीत नाही पण इंजिनचं सांगतो. एमजीबीचं 1798 सीसी आणि आपल्या अँबॅसिडरचं 1489 सीसी पेट्रोल, दोन्ही बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) कंपनीचं बी सिरीज, एकाच घरची भावंडं. मी वीस वर्षं अँबॅसिडरची इंजिनं उतरवलीत. दगडासारखं इंजिन आहे, पण खोटं बोलत नाही. थंड असताना चालू करायला सांगा, मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल तर परत दुसऱ्या दिवशी जा. टप्पेटचा हलका टकटक आवाज आला तर घाबरू नका, अगदीच शांत असेल तर गॅप कमी ठेवलाय, व्हॉल्व्ह जळतात. खालून जड ठोका आला तर मात्र बेअरिंग. गरम झाल्यावर चालत्या गाडीत ऑइल प्रेशर 50 च्या वर पाहिजे, उभी असताना 15 च्या खाली नको. आणि शिसं नसलेल्या पेट्रोलसाठी हेडमध्ये व्हॉल्व्हच्या कडक सीट बसवल्यात का, बिल मागा.

रेडिंगकर
काल जाऊन आलो. बाबा सध्या इकडेच आहेत, त्यांनाही नेलं, त्यांनी इरिगेशनच्या नोकरीत सांगलीला असताना अँबॅसिडर चालवलीये, त्यामुळे कोल्हापूरच्या दादांचं लिहिलेलं त्यांना वाचून दाखवलं होतं.
गाडी थंड होती, बाबांनी बॉनेटला हात लावून खात्री केली. दोन्ही बाजू जॅक लावून उचलल्या, दार लोण्यासारखं लागलं, फट हलली नाही. सांध दिसते. चुंबक सगळीकडे धरला, फक्त डाव्या कमानीवर तळहाताएवढ्या जागी नाही, मालकांनी मी विचारायच्या आधीच ती जागा दाखवली. अल्बम आहे, सिलचे आतले पत्रे कापल्यापासून नवे बसेपर्यंत एकेक फोटो, मागे पेन्सिलने तारीख. ऑइल प्रेशर गरम झाल्यावर 55, उभी असताना 20. हेडचं बिल आहे. सीटमागची झाकणं काढून दोन्ही सहा व्होल्टच्या बॅटऱ्या बघितल्या, खालच्या पेट्या नव्या. पेट्रोलचे पाइप मात्र जुने आहेत. स्पोकच्या चाकांचे आतले दाते जरा झिजलेत, ब्रेक सोडताना खट्ट आवाज येतो. 12,900 ला यायला तयार आहेत.

क्रोमप्रेमी
ओव्हरड्राइव्ह नाही, मूळ रंग नाही, चाकांचे दाते झिजलेले. 12,900 जास्त आहेत. सोडा, उन्हाळा संपला की भाव पडतात.

सोलापूर_साउथॅम्प्टन
मलाही थांबावं वाटतं. हब (चाक बसतं तो मधला भाग) आणि चाकं बदलायची म्हटलं तर हजारच्या पुढे जाईल, तुमचं बजेट आधीच गेलंय.

लीड्सचा_भाऊ
सिल चांगली आहेत हे फार मोठं आहे. पण 12,200 च्या वर जाऊ नका.

एकमत_नाही
या पैशात माझ्यासारख्या दोन येतील.

शनिवारची_गाडी
हीली.

रेडिंगकर
घेतली. 12,900 ला.
सगळ्यांनी मनापासून सांगितलंत, सांध आणि जॅक नसता सांगितला तर मी नुसता रंग बघत बसलो असतो. ओव्हरड्राइव्हचं पटलं, पण मी एम4 ला नेणारच नाही, ए4074 रस्त्याने ऑक्सफर्डकडे जाईन, तिकडे पन्नासच्या वर जावंसं वाटत नाही. चाकं पुढच्या वर्षी. पाइप या आठवड्यात, सुपरच टाकणार.
भाव करायला मी परत गेलो होतो, 12,200 म्हणायचं ठरवून. ते आत चहा ठेवायला गेले आणि बाबा गाडीच्या पुढे उभे, इंजिन चालू, डोळे मिटलेले. मला म्हणाले, साताऱ्याच्या घाटात आपली हाच आवाज करायची, तू मागे झोपलेला असायचास. मग मी 12,200 म्हणालोच नाही. त्या माणसाने बुधवारी मला घरी बोलावलंय, ग्रीसिंग कुठे कुठे करायचं ते दाखवायला.

कोल्हापुरी_गॅरेज
अभिनंदन. बाबांना नमस्कार सांगा. पुढच्या चाकांचे किंगपिन (ज्यांवर चाक वळतं ते) विसरू नका, दर तीन हजार मैलांनी ग्रीस, आणि ग्रीस भरताना चाक उचलून भरा म्हणजे सगळीकडे जातं.

लीड्सचा_भाऊ
अभिनंदन. पाइप बदलताना सोबत क्लिपा पण नव्या घ्या, जुन्या परत वापरू नका. फोटो टाका.