आशा धरून थांबायचं, पण मागायचं काय?

मोगरा_सावेडी

सर्वांना सलाम.

आमच्या ह्यांचं डायलिसिस सुरू झालं त्याला येत्या जूनमध्ये चार वर्षं होतील. सोमवार, बुधवार, शुक्रवार. पहाटे साडेपाचला घर सोडायचं, सहाला सुया टोचतात, मग चार तास मशीन. दिवसभरात पाणी एक लिटर, त्यातच चहा, त्यातच आमटी. मी सकाळीच तांब्यात मोजून ठेवते. मे महिन्यात दुपारी तीनलाच तांब्या रिकामा होतो आणि हे माझ्याकडे न बघता बर्फाचा खडा तोंडात धरतात. माझी किडनी द्यायला मी तयार होते, पण तपासणीत मलाच शुगर निघाली. आता किडनी मिळावी म्हणून अवयवदानाच्या यादीत ह्यांचं नाव आहे आणि आम्ही फोनची वाट बघतो.

मागच्या महिन्यात घरच्या प्रार्थनेला आलेल्या मंडळीतल्या एका भावाने ह्यांच्यासमोरच सांगितलं, "यादीत नाव घातलंत तिथेच विश्वास कमी पडला. पूर्ण आशा असती तर एव्हाना बरे झाला असता." तेव्हापासून हे प्रार्थनेला बसतात, पण तोंड उघडत नाहीत.

माझी अडचण वेगळीच आहे, ती अजून कुणाला बोलले नाही. फोन यावा म्हणून गुडघे टेकते आणि जीभ अडखळते. तो फोन येणार म्हणजे त्या दिवशी कुणाच्या तरी घरातलं माणूस गेलेलं असणार. मग मी मागतेय काय? बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात पौल म्हणतो, जे दिसत नाही त्याची आशा धरली की आपण धीराने वाट पाहतो. वाट पाहायला मला येतं. पण कशाची पाहू?

जुना_पाळक_सोलापूर

ताई, आधी त्या भावाचं बोलतो. २ तीमथ्य ४:२० काढा. त्रफिमाला मिलेतात आजारी सोडून आलो, असं पौल लिहितो. ज्याच्या अंगावरचे रुमाल नेले तरी रोगी बरे होत, तोच हा पौल. त्रफिमाचा विश्वास कमी पडला असं तो एका शब्दानेही म्हणत नाही. स्वतःच्या शरीरातला काटा, म्हणजे कसलासा त्रास, निघावा म्हणून त्याने देवाला तीनदा विनवणी केली. काटा राहिला, माझी कृपा तुला पुरे एवढंच उत्तर मिळालं. हे दोन्ही उतारे ह्यांना मोठ्याने वाचून दाखवा, तो भाऊ परत यायच्या आत.

आपण 'धीर' म्हणतो तिथे पौलाचा ग्रीक शब्द 'हुपोमोने' आहे. खाली टिकून राहणं, असा त्याचा मूळ अर्थ. ओझं उतरलेलं नाही आणि माणूस त्याच्याखालून पळालेलाही नाही. हिब्रूत आशेला 'तिक्वा' म्हणतात. यरीहोच्या राहाबेने आपलं घर वाचावं म्हणून खुणेचा लाल दोर खिडकीला बांधला, त्या दोरालाही मूळ भाषेत तिक्वाच म्हटलंय. हा दोर मी कितीदा उपदेशात सांगितला असेल, पण कळला तो माझी बायको सहा वर्षं अंथरुणाला खिळली तेव्हा. गावावर फौज चालून येणार आहे, आपल्या हातात काही नाही. ती बाई दोर बांधते आणि घरच्यांना आत घेऊन बसते. तुम्ही यादीत नाव घातलंत तो तुमचा दोर. त्यात अविश्वास कुठे आला?

एवढं मात्र खरं की मागितलेलं मिळेलच असं वचन नाही. आपलं काम मुलगी मनोरमा पुढे नेईल ही पंडिता रमाबाईंची आशा होती. १९२१ मध्ये मनोरमा गेली. रमाबाई केडगावात बायबलच्या भाषांतराला बसतच राहिल्या आणि ५ एप्रिल १९२२ ला त्याही गेल्या. संपूर्ण बायबल छापून आलं ते त्यांच्यामागे. त्यांची आशा खोटी ठरली असं म्हणायला माझं मन धजत नाही. ती मनोरमेपेक्षा मोठ्या कुणाला तरी बांधलेली होती.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याजवळ नाही. ज्याच्याजवळ असेल त्याने लिहावं.

निर्मळची_मुलगी

मोगराताई, मी त्या दुसऱ्या घरातली आहे.

माझा भाऊ एकोणतीस वर्षांचा होता. मोटारसायकलवरून पडला, तीन रात्री आयसीयूत. आम्हीही बाहेरच्या बाकावर आशा धरूनच बसलो होतो. पवित्र शनिवारी, ईस्टरच्या आदल्या दिवशी, डॉक्टरांनी मेंदू मृत झाल्याचं सांगितलं. त्या दिवशी आमच्या चर्चमध्ये वेदीवर काहीच नसतं, रात्रीच्या जागरणापर्यंत मिस्सा, म्हणजे मुख्य उपासना, होत नाही. येशू कबरेत आहे आणि पुढचं अजून काहीच दिसत नाही, असा तो दिवस. आईने त्याच दिवशी कागदांवर सही केली.

तुमच्या प्रार्थनेने तो गेला नाही, हे मनातून काढून टाका. ओल्या रस्त्यावर चाक घसरलं आणि तो गेला. तुम्ही मागा किंवा मागू नका, त्या रात्री आमच्याकडे रडणं होणारच होतं.

किडन्या कुणाला मिळाल्या ते आम्हाला सांगितलं नाही, नियमच तसा आहे. आई रोज संध्याकाळी रोझरीत, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेत, त्यांच्यासाठी एक प्रणाम मरिया जास्त म्हणते. नावं माहीत नाहीत, म्हणून "ती दोघं" म्हणते. तुम्हाला काय मागावं सुचत नसेल, तर त्या घरासाठी मागा. ते कोणतं असेल माहीत नाही, तरी आत्तापासूनच मागा. आमच्यासाठी त्या तीन रात्री कुणी अनोळखी माणूस मागत होतं असं मला आज कळलं, तर फार बरं वाटेल.

ज्वारीवाला_पाथर्डी

पाळकसाहेबांनी सगळं सांगितलंच आहे. मी एक जोडतो. याकोबाच्या पत्रातला शेतकरी पहिल्या आणि शेवटच्या पावसाची वाट बघतो. यातला पहिला पाऊस त्यांच्याकडे पेरणीचा. म्हणजे वाट बघणारा आधी नांगरून बसलेला असतो, बियाणं काढून ठेवलेलं असतं. आमच्या रब्बीचंही तेच. पाऊस आणणं आपल्याकडे नाही, रान तयार ठेवणं आहे. वहिनी, तुम्ही रोज तांब्या मोजता ती मशागतच.

मोगरा_सावेडी

काल रात्री तिघांचंही ह्यांना वाचून दाखवलं. त्रफिमाशी दोनदा थांबवलं मला. निर्मळच्या आईचं ऐकल्यावर बराच वेळ गप्प होते. मग विचारलं, "त्या माउलीचं नाव काय?" म्हटलं, माहीत नाही.

प्रार्थनेला बसलो तेव्हा महिन्याभराने पहिल्यांदा हे मोठ्याने बोलले. स्वतःसाठी काहीच मागितलं नाही. "निर्मळची आई, आणि जिला आम्ही अजून ओळखत नाही ती," एवढंच म्हणाले आणि आमेन म्हटलं.

मुली, आईला सांग. आज मंगळवार, उद्या पहाटे परत निघायचंय.