फ्रेट आलं म्हणून नाचत होतो, सर म्हणतात हे फ्रेट नाहीच

गंगाघाट_एमएस्सी:
नमस्कार, नाशिकलाच बायोकेमला आहे. दोन प्रोटीन एकमेकांना चिकटतात का ते बघायचंय, एकाला फ्लोरेसिन (हिरवा चमकणारा रंग) लावलंय, दुसऱ्याला रोडामिन (नारिंगी चमकणारा). दोन्ही अगदी जवळ आले तर फ्लोरेसिनची एनर्जी रोडामिनकडे जाते, तेच फ्रेट. दोन्ही मिक्स करून ४९० नॅनोमीटरच्या उजेडाने एक्साइट केलं तर ५८० च्या आसपास मस्त पीक आला, मी तर ग्रुपला मिसळ खाऊ घालायच्या तयारीत, आणि सर ग्राफ बघून एवढंच म्हणाले की नुसतं रोडामिन टाकून बघितलंस का. नाही बघितलं. पण का बघायचं? एनर्जी फ्लोरेसिनकडूनच जाणार ना?

सातपूरकर:
सर बरोबर आहेत रे. ४९० चा उजेड रोडामिन स्वतः पण थोडा खातं, वर फ्लोरेसिनचा पीक ५२० ला असला तरी त्याची शेपूट पार ५८० पर्यंत येते. म्हणजे फ्रेट शून्य असलं तरी तुला तिथे काहीतरी दिसणारच. नुसतं रोडामिन, नुसतं फ्लोरेसिन, दोन्ही त्याच कॉन्सन्ट्रेशनला घे आणि वजा कर. आणि ५२० कडे बघ, खरंच एनर्जी गेली असेल तर तिथला उजेड कमी व्हायला पाहिजे.

इंदिरानगरची_ताई:
५२० कमी झालं म्हणजे फ्रेटच असंही नाही हं. समोरचं प्रोटीन नुसतं चिकटलं तरी फ्लोरेसिन मंद होऊ शकतं, म्हणून कंट्रोलमध्ये (तुलनेच्या नमुन्यात) बिनलेबलचं, म्हणजे रंग न लावलेलं, दुसरं प्रोटीन टाकायचं, नुसता बफर नाही. बफरचा पीएच पण सारखा ठेव, फ्लोरेसिन त्या बाबतीत भलतं नाजूक. आणि रोडामिन भसाभसा ओतलंस तर ५२० चा उजेड ते वाटेतच गिळतं, ॲब्सॉर्बन्स ०.१ च्या खाली ठेव. आमच्या वेळी यातच माझा एक महिना गेला होता.

गंगाघाट_एमएस्सी:
आज केलं. ५८० चा अर्ध्याहून जास्त सिग्नल नुसत्या रोडामिनचाच निघाला 😭 पण ताईंनी सांगितलेल्या कंट्रोलला ५२० वर ८०० आणि लेबलवाल्याला ६२०, म्हणजे एफिशियन्सी (किती एनर्जी गेली ते) २२.५ टक्के. आर-झिरो (ज्या अंतराला निम्मी एनर्जी जाते) ५.५ नॅनोमीटर धरला तर अंतर ६.८ येतं. लिहू का रिपोर्टमध्ये?

इंदिरानगरची_ताई:
अंतर नको लिहूस. सगळं फ्लोरेसिनवालं प्रोटीन बांधलं गेलंय आणि समोरच्या प्रत्येकाला रोडामिन लागलंय असं धरलंस तरच ६.८. निम्म्यालाच लागलं असेल तर खरी एफिशियन्सी ४५ टक्के, आणि अंतर ५.७ वर येतं बघ. फॉर्म्युल्यात सहावा घात आहे म्हणून आकडा फार हलत नाही, पण म्हणून तो खरा होत नाही. 'चिकटतात' एवढंच म्हण, आणि त्यासाठी एकच गोष्ट कर, ज्या प्रोटीनला रोडामिन लावलंयस त्याचंच बिनलेबलचं साधं रूप वीसपट टाक. खरं बाइंडिंग असेल तर ते रोडामिनवाल्याला हुसकावेल आणि ५२० परत ८०० कडे चढेल.

सातपूरकर:
आणि लाइफटाइम (एक्साइट झाल्यावर फ्लोरेसिन किती वेळ चमकतं ते) मोजायला मिळालं तर सोन्याहून पिवळं, कॉन्सन्ट्रेशनची भानगडच नाही. पुण्याला कुणाकडे मशीन असेल तर विचार, बर्फाचा डबा घेऊन एसटीने जा.

गंगाघाट_एमएस्सी:
वीसपट टाकलं, ७६० पर्यंत चढलं!! सरांना दाखवायला निघालो तर लाईट गेली.