मदत हवी आहे: फुफ्फुसाचा कॅन्सर, ईजीएफआर पॉझिटिव्ह. नुसती गोळी की सोबत केमोही?

नमस्कार मंडळी,

आईला (वय 61, मधुमेह आहे, तंबाखू-मिश्रीला कधी हात लावलेला नाही) फुफ्फुसाचा कॅन्सर निघालाय. अ‍ॅडेनोकार्सिनोमा, चौथी स्टेज, हाडांत पसरलेला. मेंदूचा एमआरआय सुदैवाने स्वच्छ आला. छातीतलं पाणी काढल्यापासून धाप कमी आहे, पण आडवं झालं की खोकल्याची उबळ येते. रात्री पाठीशी उशांची चळत लावून बसल्या बसल्याच डोळा लागतो तिचा.

जनुकीय तपासणीत ईजीएफआर या जनुकात एक्झॉन 19 डिलीशन (जनुकाचा छोटा तुकडा गळालेला) आलं. मिरजेचे डॉक्टर म्हणतात, रोज जेफिटिनिब 250ची (नेमकी याच बदलावर काम करणारी) एक गोळी पुरे, केमो पुढे लागली तर बघू. मुंबईच्या डॉक्टरांचं मत वेगळं: गोळी चालू ठेवून दर 21 दिवसांनी पेमेट्रेक्सेड-कार्बोप्लॅटिन ही केमो, अशा चार सायकल, मग नुसतं पेमेट्रेक्सेड. त्यांनी टाटा मेमोरियलमधल्या 350 रुग्णांच्या अभ्यासाचा दाखला दिला. नुसत्या गोळीवर आजार साधारण 8 महिने आटोक्यात राहिला, केमोची जोड दिल्यावर 16. तीव्र दुष्परिणाम मात्र जवळपास दुप्पट जणांना झाले. ओसिमर्टिनिब या नव्या गोळीचं नाव दोघांनीही काढलं, पण तो खर्च आम्हाला झेपणारा नाही.

माझा कल दोन्ही एकत्र देण्याकडे आहे. पुढे आजार उलटला तर तेव्हा केमो सोसायची ताकद तिच्यात उरेलच असं नाही. भीती आहे ती किडनीची. पेमेट्रेक्सेडसाठी क्रिएटिनिन क्लिअरन्स (किडनी रक्त किती गाळते त्याचं माप) निदान 45 लागतो, तिचा 52 आहे. शिवाय केमोच्या आदल्या दिवसापासून तीन दिवस डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड, त्याने शुगर चढणार.

कुणाच्या घरी किडनी अशी काठावर असताना पेमेट्रेक्सेड दिलंय का? मधल्या काळात क्रिएटिनिन कितीदा तपासलं? स्टेरॉइडच्या दिवसांत इन्सुलिन कसं जुळवलं? महात्मा फुले योजनेतून यातलं कुठलं औषध मिळालं का? ऑन्कॉलॉजीतलं कुणी इथे असेल तर त्यांनी जरूर लिहावं, रिपोर्ट व्यनितून (खासगी निरोपातून) पाठवतो.

काढे, पानांचे रस कृपया सुचवू नका. गोळीसोबत यकृतावर ताण येईल असं काहीही द्यायला दोन्ही डॉक्टरांनी मनाई केली आहे.

फॉलिक अ‍ॅसिड आणि बी-12चं इंजेक्शन केमोच्या आठवडाभर आधी सुरू करावं लागतं, म्हणून सोमवारपर्यंत मुंबईला होकार-नकार कळवायचा आहे.