सील सुटते ते थंड करताना
तयार खाद्यपदार्थाचा पाउच जाड घेतला की रिटॉर्टमध्ये (सीलबंद पाउच दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या बंद भांड्यात) सील उघडणार नाही, असे एका प्रतिसादात म्हटले आहे; ते मत मला अपुरे वाटते. १२१ अंश सेल्सिअसला पाउचच्या आतला दाब आणि बाहेरच्या वाफेचा दाब एकमेकांना बऱ्याच अंशी सावरून धरतात; खरा धोका असतो तो वाफ बंद करून थंड पाणी सोडतो तेव्हा, कारण बाहेरचा दाब झटकन उतरतो आणि आतला पदार्थ मात्र अजून शंभर अंशांच्या वरच असतो. म्हणून तो पुरेसा निवेपर्यंत रिटॉर्टमध्ये दाबाची हवा भरून पाउचबाहेरचा दाब टिकवावाच लागतो, आणि भरताना आत हवा जितकी कमी राहील तितके हे सोपे जाते.

आमच्याकडे मटकीच्या उसळीचे जे पाउच सुटले, त्यांच्या सीलच्या पट्टीत तेलाचा पुसट ओघळ किंवा मटकीचे साल अडकलेले दिसले. जाडी सगळ्यांची सारखीच होती. भरण्याची नळी पट्टीच्या खालपर्यंत नेल्यावर हा प्रकार पुष्कळ कमी झाला. पाउचचा आतला थर कास्ट पॉलिप्रॉपिलीनचा (हे तापमान सोसणाऱ्या प्लास्टिकचा) आहे, हेही पुरवठादाराकडून लेखी घ्यावे. साधे पॉलिथिन या तापमानाला टिकत नाही.