पुन्हा: फलक ४ – साडेअकरा पौंडांचे रुपये किती धरायचे?

अण्णा (रावपुरा, बडोदे):
आपल्या प्रदर्शनाच्या फलकांचा मजकूर छापखान्याला उद्या संध्याकाळपर्यंत द्यायचाय. बाकी फलक तपासून झाले, घोडं अडलंय ते चारवर. सयाजीराव महाराजांनी बाबासाहेबांना दिलेली शिष्यवृत्ती, १९१३, तीन वर्षं, महिना साडेअकरा पौंड. इथवर वाद नाही. वाद आहे तो कंसातल्या रुपयांवर. नानांच्या मसुद्यात १५३ आहेत, माईंनी त्याचे १७२ रुपये ८ आणे केलेत. कृपया आकड्यावरच बोला, फलकाच्या रंगावर परत नको.

नाना (लेस्टर):
१५३ च बरोबर. पौंडाला १३ रुपये ५ आणे ४ पै हा भाव आमच्या वडिलांना तोंडपाठ होता. मी १९६५ साली निघालो तेव्हाही तोच, नव्या पैशांत १३.३३. इतकी वर्षं न हललेला भाव १९१३ साली वेगळा कसा असेल? आणि मसुदा इकडे आम्ही तिघांनी बसून तपासलाय. तो परस्पर बदलला हे बरं झालं नाही.

माई (दांडिया बाजार, बडोदे):
नाना, परस्पर काही केलं नाही, अण्णांनी तपासायला दिला म्हणून तपासला.
तुमचा भाव खराच आहे, पण तो १९२७ पासूनचा. चलनाच्या प्रश्नावर नेमलेल्या हिल्टन यंग आयोगाने रुपया १ शिलिंग ६ पेन्सला (शिलिंगाचे १२ पेन्स, म्हणजे एकूण १८) बांधायला सांगितलं आणि १९२७ च्या कायद्याने तो बांधला गेला. पौंडाचे २४० पेन्स, भागिले १८, की आले तुमचे १३ रुपये ५ आणे ४ पै. त्याआधी, १८९८ च्या सुमारापासून पहिलं महायुद्ध ऐन भरात येईपर्यंत, रुपया होता १ शिलिंग ४ पेन्सचा. २४० भागिले १६, पौंडाला सरळ १५ रुपये. साडेअकरा पौंडांचे १७२ रुपये ८ आणे. मग युद्धात चांदी महागली, तसा चांदीचा रुपया वर गेला, १९२० साली सरकारने तो २ शिलिंगांवर धरून ठेवायचा प्रयत्न केला आणि तो फसला. तेव्हा ‘न हललेला भाव’ हे १९२७ ते १९६६ एवढ्यापुरतंच.
बँकेत परकीय चलनाच्या टेबलावर माझी उभी नोकरी गेली. जुन्या व्यवहाराला भलत्याच वर्षाचा भाव लावलेला मला बघवत नाही. त्यातून हा फलक बाबासाहेबांचा! रुपयाच्या याच प्रश्नावर त्यांनी लंडनला प्रबंध लिहिला, पुढे हिल्टन यंग आयोगासमोर साक्ष दिली. त्यांच्याच शिष्यवृत्तीचा हिशेब आपण चुकवायचा?

बापू (न्यू जर्सी):
ते शिकायला होते न्यूयॉर्कला, खर्च डॉलरमध्ये. मग डॉलर का लिहीत नाही? पौंडाला तेव्हा सुमारे ४.८६ डॉलर, म्हणजे साधारण ५६. इकडच्या मुलांना तेच कळेल. दुसरं, फलक ७ वरचं ‘१९४७ साली एक डॉलर म्हणजे एक रुपया’ मोठ्या अक्षरांत घ्या. येणारा प्रत्येक जण तिथे थांबेल.

माई:
बापू, ५६ डॉलर जरूर घाला. सातवरचं वाक्य मात्र काढाच. १९४७ साली पौंड १३.३३ रुपयांना होता आणि ४.०३ डॉलरला. भागून बघा, डॉलर ३.३१ रुपये येतो. आपला रुपया पौंडाला बांधलेला. सप्टेंबर १९४९ मध्ये पौंड २.८० डॉलरवर उतरला, त्याच्यासोबत आपणही उतरलो आणि डॉलर ४.७६ झाला. पाकिस्तान उतरलं नाही, तर त्यांच्या १०० रुपयांना आपले १४४ मोजायची पाळी आली. फोनवर फिरतं म्हणून काहीही फलकावर आलं, तर कॉलेजची मुलं आपल्या बाकीच्या फलकांवरही विश्वास ठेवणार नाहीत.

वहिनी (मांडवी, बडोदे):
एक शंका. बडोद्याचा रुपया बाबाशाही, संस्थानाचा स्वतःचा ना? माझ्या आजेसासऱ्यांच्या वहीत बाबाशाही आणि कलदार (इंग्रजी) असे दोन वेगळे रकाने आहेत. मग १७२ कुठले?

माई:
कलदार. १९१३ च्या आधीच संस्थानाने बाबाशाही सोडून इंग्रजी नाणं घेतलं होतं. वही मात्र जपून ठेवा, रद्दीत जाऊ देऊ नका.

नाना:
१९६६ चा विषय निघालाच आहे तर सांगतो. ६ जूनला डॉलर ४.७६ वरून साडेसातवर गेला आणि पौंड १३.३३ वरून २१ वर. मी घरी महिन्याला दहा पौंड पाठवायचो, त्याचे १३३ च्या जागी २१० मिळायला लागले. वडिलांनी त्यावर माडीवर खोली काढायला घेतली. पुढच्याच वर्षी नोव्हेंबरात पौंड पडला. भारताने या वेळी रुपया जागचा हलवला नाही, पौंडाचे राहिले १८. वडिलांचं पत्र आलं, ‘या खेपेस तीस रुपये कमी आले, तब्येत बरी आहे ना?’ मी तर तेवढेच दहा पाठवले होते.
चारवर १५ चा भाव घ्या, पण शेजारी ‘१९१३ चा भाव’ असं लिहा. माझ्या वयाची माणसं १३.३३ लावून बघणारच. आणि यापुढे मसुदा बदलला तर आधी इकडे कळवा.

बापू:
नाना, तुम्ही पाठवत तरी होतात. मी १९७० साली निघालो तेव्हा हातात आठ डॉलर, परकीय चलन तेवढंच मिळायचं. पासपोर्टच्या मागच्या पानावर बँकेने ते शाईने लिहून वर शिक्का मारलेला. पासपोर्ट अजून आहे, प्रदर्शनात मांडायला पाठवतो.

अण्णा:
पासपोर्ट टपालाने नको. त्या पानाचा फोटो पाठवा, नंबर झाकून. सातवरचं वाक्य काढलं की तिथे जागा होतेच आहे. चारचा मजकूर असा जातोय: ‘महिना साडेअकरा पौंड (१९१३ च्या भावाने १७२.५० रुपये, सुमारे ५६ डॉलर)’. उद्या दुपारी चारपर्यंत हरकत आली नाही तर मंजूर धरतो.

माई:
१७२.५० नको. १७२ रुपये ८ आणे असंच छापा, दशमान पैसे १९५७ साली आले.