तुमच्या पेठेत, सोसायटीत, वस्तीत मतदान कसं होतं? पुणेकरांचे अनुभव

मी कसबा पेठेतली. आमच्याकडे निकाल आधीच ठरलेला असतो, अशी घरात सगळ्यांची समजूत. भाजपचे गिरीश बापट 1995 पासून सलग निवडून येत होते, 2019 ला त्याच पक्षाच्या मुक्ता टिळक आल्या. मग 26 फेब्रुवारी 2023 ला पोटनिवडणूक झाली आणि काँग्रेसचे रवींद्र धंगेकर सुमारे 11 हजार मतांनी जिंकले. पुढच्या वर्षी विधानसभेला भाजपच्या हेमंत रासने यांनी त्यांना हरवलं. या काळात माझ्या काकांचा पक्ष काही बदलला नाही. पोटनिवडणुकीला ते नाराज होते, म्हणून घराबाहेरच पडले नाहीत. दुसऱ्या कुणाला मत द्यायला त्यांचा हात धजला नसता. त्या दिवशी मतदान जेमतेम 50 टक्के झालं होतं. न गेलेल्यांत काकांसारखे किती असतील, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही.

तुमच्या भागाचा कल कसा आहे आणि तो बदलताना तुम्ही पाहिलाय का? लोक मतदानाला का जातात, का जात नाहीत? ऐकीव नको, स्वतः पाहिलेलं लिहा.

बाणेर, भाड्याचं घर

सात वर्षांत तीन घरं बदलली. पत्ता बदलायचा तर फॉर्म 8 भरावा लागतो. ते काम दहा मिनिटांचं, पण पत्त्याचा पुरावा कुठून आणणार? एका घरमालकांनी स्पष्ट सांगितलं, "माझ्या पत्त्यावर तुमचं नाव लावू नका." 13 मे 2024 ला लोकसभेचं मतदान होतं. माझं नाव तेव्हा शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. गेलो, मत दिलं, पण माझ्या मजल्यावरच्या बाकी तिघांनी तेवढं केलं नाही. त्यांना बेफिकीर म्हणणं मला पटत नाही. जिथे राहतात तिथल्या यादीत नाव असतं तर खाली उतरून आले असते. त्याच वर्षी विधानसभेला काही मोठ्या सोसायट्यांच्या आवारात मतदान केंद्रं दिली होती. ज्या आजी एरवी लिफ्टपर्यंतही येत नाहीत, त्या काठी टेकत रांगेत उभ्या होत्या.

केंद्रावर ड्युटी केलेली शिक्षिका

आदल्या रात्री शाळेच्या बाकांवरच झोपतो. साडेपाचला उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर अभिरूप मतदान, किमान 50 मतं टाकून यंत्र तपासायचं, आणि सातला दार उघडायचं.

माझ्या केंद्राला एक चाळ आणि दोन सोसायट्या होत्या. चाळीतल्या बायका पहिल्या तासाला येतात, कारण नंतर कामावर जायचं असतं. सोसायटीवाले दहानंतर येतात आणि रांग पाहून काही जण परत फिरतात. मोबाइल आत चालत नाही म्हणून परत गेलेलेही पुष्कळ. ते पुन्हा येत नाहीत.

एक प्रसंग विसरता येत नाही. एक ताई आल्या, तर त्यांच्या नावापुढे आधीच कुणाची तरी सही होती. नियमाप्रमाणे त्यांना प्रदत्त मतपत्रिका दिली, म्हणजे आपल्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलं असेल तर मिळणारी कागदी मतपत्रिका. ती वेगळ्या लिफाफ्यात जाते, यंत्रातल्या मतांबरोबर मोजली जात नाही. हे सांगताना माझाच आवाज फुटत नव्हता. त्यांनी शिक्का मारला, घडी घातली आणि विचारलं, "मग हे कशासाठी?" माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

पर्वती पायथा

आई चार घरची धुणीभांडी करते. तिने एकही मतदान चुकवलेलं नाही, वस्तीतल्या बहुतेक बायकांचं तसंच. नळाचं पाणी, ड्रेनेज, दाखले, सगळ्यासाठी नगरसेवकाकडे जावं लागतं. 2017 ला महापालिकेसाठी चार सदस्यांचा प्रभाग होता, म्हणजे एकेका माणसाला चार मतं. आईने ती तीन पक्षांत वाटली. ज्याने ज्या कामाला हात लावला, त्याला ते मत. आमच्या वस्तीचा कल विचाराल तर हाच.

पण धाकही असतो. एकदा निकालानंतर एक कार्यकर्ता गल्लीत येऊन म्हणाला, "तुमच्या बूथवर आम्हाला किती पडली ते कळलंय." आईला वाटलं, आपण कुणाला दिलं तेच यांना समजलं. मी तिला फॉर्म 20 दाखवला. विधानसभेला आणि लोकसभेला केंद्रनिहाय मतं त्यात छापून येतात. मोजणी यंत्रागणिक होते, म्हणून एकेका गल्लीचा आकडा उघडा पडतो. मतपत्रिका होत्या तेव्हा बऱ्याच केंद्रांच्या एकत्र मिसळून मोजायची सोय होती. तुझं एकटीचं मत कुणालाच कळत नाही, हे पटायला तिला पूर्ण संध्याकाळ लागली. केंद्रनिहाय आकडे असे जाहीर होऊ नयेत, असं मला मनापासून वाटतं.

कोथरूड

वडील 87 वर्षांचे. 2024 ला 85 च्या वरच्यांना घरून मतदान करता आलं. आधी 12 ड अर्ज भरला, मग पथक घरी आलं. बाबांनी इस्त्रीचा सदरा घातला होता.

धायरी, मूळचे शनिवार पेठेतले

आमचा वाडा पाडला तेव्हा सगळे भाडेकरू पांगले. कुणी धायरीला, कुणी कात्रजला, कुणी वारजेला. नावं मात्र पेठेतच राहिली. यादीत आमच्या एका घरक्रमांकावर 19 नावं आहेत. त्यातले चार जण वारलेत, दोघी लग्न होऊन गेल्या. एवढ्यांतून आम्ही सहा-सात जण मतदानाला पोचतो आणि बातमीत येतं की पेठेत टक्का घसरला. यादीच खरी नाही, तर टक्का खरा कुठून असणार?

मी यंदा फॉर्म 8 भरून माझं नाव धायरीला आणलं. आईचाही भरायला बसलो, तर तिने कागद बाजूला सारला. मतदानाच्या दिवशी शाळेच्या दारात वाड्यातल्या सगळ्या भेटतात, तेवढीच एक भेट उरलीय, म्हणाली. मी आग्रह केला नाही. तिला रिक्षाने घेऊन जाईन.